पोलाद कापण्याआधी आम्हाला विचारा

प्रति,
मिक्सर, पंखे, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि घरातली इतर उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचे डिझाइन विभाग

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण आपण एकत्र काम केलेलं आहे. मी ३४ वर्षं डायमेकर होतो, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग ज्यात ओततात ते पोलादी साचे, डाय, बनवायचो. साकीनाका आणि कुर्ल्याच्या गाळ्यांमधल्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं. तुम्ही कागदावर काढायचात, आम्ही ते पोलादात उतरवायचो. सुरुवातीला निळ्या प्रिंटची गुंडाळी यायची, पुढे पुढे फाइल यायला लागली. मधे कंपनीचा परचेसवाला असायचा, त्यामुळे ज्याने ड्रॉइंग काढलं त्या माणसाशी दोन शब्द बोलायची वेळ कधी आली नाही. म्हणून आज लिहितोय.

विषय आहे मिक्सरचा नॉब. बंद, एक, दोन, तीन असा फिरवायचा तो गोल नॉब.

१९९० नंतरची गोष्ट. आमच्याकडे अशाच एका नॉबची चार कॅव्हिटीची, म्हणजे चार पोकळ्यांची, डाय आली होती. ड्रॉइंगवर लिहिलेलं, मिरर फिनिश, म्हणजे आरशासारखी चकाकी. मी चार दिवस पॉलिश करत होतो. आधी दगडाच्या कांड्या, मग बारीक होत जाणारा पेपर, शेवटी फेल्टवर डायमंड पेस्ट. कॅव्हिटीत स्वतःच्या मिशीचा केस न् केस दिसेपर्यंत हात थांबवला नाही. पहिला शॉट मारला आणि नॉब बाहेर आला तो काचेसारखा. मालकाने सगळ्या टूलरूमला चहा-वडापाव सांगितला. पुढे कितीतरी वर्षं शिकाऊ पोरांना मी तो नॉब काढून दाखवत असे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला संधिवाताने गाठलं. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची बोटं मिटत नाहीत आणि आपल्या घरांत मिक्सरची वेळ नेमकी सकाळची. ओला हात, गुळगुळीत नॉब आणि न मिटणारी बोटं. ती मला हाक मारायची. मी घरात नसलो की वाटण राहून जायचं. एक दिवस ओट्यावर मिक्सरच्या शेजारी माझी पकड पडलेली दिसली. मी काही विचारलं नाही. नॉब जवळून बघितला. त्याच्यावर पकडीचे दात उमटले होते.

तो मिक्सर दुसऱ्याच कंपनीचा होता, त्याची डाय माझ्या हातची नव्हती. पण चकाकी तीच. जी आणायला मी चार दिवस घालवले होते, तिच्यावरूनच माझ्या बायकोची बोटं घसरत होती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

बहिणीचा नातू डिप्लोमा करतो. त्याने थ्रीडी प्रिंटर घेतला होता, तो मी आधी खेळणं समजून सोडून दिला होता. नॉबच्या निमित्ताने त्याच्यासमोर जाऊन बसलो. प्लॅस्टिकची पावणेदोन मिलिमीटरची तार रिळावरून आत जाते, २०० अंशांच्या आसपास वितळते आणि ०.४ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडते. सोऱ्यातून चकली पाडावी तसं ते यंत्र एक थर पाडतं, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एकेक थर ०.२ मिलिमीटरचा. ज्या माणसाने जन्मभर पोलाद पोखरून त्यात प्लॅस्टिक ओतण्याची व्यवस्था केली, त्याच्यासमोर पोलादाचा कणही न वापरता वस्तू उभी राहत होती. मी तिथून दीड तास उठलो नाही.

माझ्या मनात एवढंच होतं की नॉबला दोन्ही बाजूंना पंख काढायचे. बोटं मिटली नाहीत तरी तळहाताच्या कडेने ढकलून तो फिरला पाहिजे. मी हाताने चित्र काढलं, पोराने कॉम्प्युटरवर चढवलं. पहिला नॉब स्पिंडलवर, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या मिक्सरच्या दांडीवर, चढलाच नाही. स्पिंडल ६ मिलिमीटरचा, एका अंगाने सपाट, ज्याला आपण डी-कट म्हणतो. भोक ६.१ ठेवलं होतं, पण या यंत्रावर भोकं नेहमी थोडी लहान येतात. दुसरा सैल झाला. तिसऱ्याचा पंख तुटला, तोही बरोबर दोन थरांच्या सांध्यात, कारण थर जिथे एकमेकांना चिकटतात तिथेच हा माल कच्चा. मग तो कुशीवर ठेवून छापला, म्हणजे जोर सांध्यावर येऊ नये. असं करत करत सातवा नॉब बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला आणि मला हाक आली नाही.

त्या नॉबचं वजन १४ ग्रॅम. तार किलोला साधारण हजार रुपये, म्हणजे १४ रुपयांचं प्लॅस्टिक आणि दीड तासाची वीज. तोच नॉब डायमध्ये काढायचा तर काही लाख रुपये आणि सहा आठवडे. एका बाईच्या बोटांसाठी कोणतीच कंपनी डाय कापणार नाही, कापू शकत नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तुम्ही तिच्याजोगा नॉब बनवला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे. डाय कापण्याआधी तिला कुणी विचारलं नाही. आणि डाय कापून झाल्यावर स्पिंडलचं माप तिला कुणी सांगितलं नाही. सात नॉबांपैकी निदान चार तरी त्या एका मापापायी वाया गेले.

आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बातमी चार भिंतींत राहत नाही. पंधरा दिवसांत शेजारच्या चार जणी आल्या. एकीचा डब्यांचा व्यवसाय, हात कायम पिठाचा. तिला पंख नकोत, कडेला खोल खाचा हव्यात, पण अशा की त्यांत साठलेलं पीठ जुन्या टूथब्रशने निघालं पाहिजे. दुसरी डावखुरी. तिला नॉबवरचे आकडेच दिसत नाहीत, स्वतःच्याच मनगटाखाली झाकले जातात. आकडे दुसऱ्या अंगाला हवेत. तिसरीच्या सासूबाईंना दिसत नाही. 'बंद' कुठे आहे ते बोटाला कळावं म्हणून तिथे एक उंचवटा हवा. चौथी म्हणाली, "काका, मला तो काम झालं की उपसून ठेवता आला पाहिजे. घरात दोन वर्षांचं पोर आहे. नॉबच नसला तर ते मिक्सर कसा लावेल?"

हे सगळं बोलणं अर्ध्या तासात झालं, तेही जिन्यात उभ्या-उभ्या. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही नॉबच्या ड्रॉइंगवर यातलं काही आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही ग्राहकांना विचारतो, सर्व्हे करतो. माझ्या पत्नीलाही फोन आला होता. मिक्सरला दहापैकी किती गुण द्याल, असा प्रश्न. तिने आठ दिले. पकडीने नॉब फिरवणारी बाई आठ गुण कसे देते? मी विचारलं तर म्हणाली, "फोनवरची पोरगी बिचारी दमलेली वाटत होती. आणि मिक्सर काय वाईट आहे? माझीच बोटं गेली आहेत." ही गोष्ट तुम्ही नीट ध्यानात घ्या, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्याकडचा माणूस वस्तूला दोष देत नाही, स्वतःच्या हाताला देतो. त्यामुळे त्याची अडचण फोनवर सापडत नाही. ती ओट्यावर पडलेल्या पकडीत सापडते, कुकरच्या दांड्याला गुंडाळलेल्या चिंधीत सापडते, फ्रिजच्या दारात दुमडून कोंबलेल्या पुठ्ठ्यात सापडते. तिथे तुम्हाला यावं लागेल.

एके काळी वस्तू बनवणारा स्वतःच दारात यायचा. माझ्या लहानपणी चाळीत पाट्याला टाकी लावणारी बाई यायची. छिन्नी हातात घेण्याआधी ती आईला विचारायची, चटणीसाठी हवंय की पुरणासाठी? त्यावर टाके किती खोल मारायचे ते ठरायचं. कासार बांगडी भरण्याआधी हात दाबून बघायचा. आजही गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यात लोक फोटो घेऊन जातात आणि मूर्तिकाराशेजारी उभे राहून डोळ्यांबद्दल बोलतात. वापरणाऱ्याने घडवण्यात भाग घ्यायचा, ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आमची डाय मधे आली तेव्हा ती सुटली. एकदा साचा कापला की लाखो नग सारखे, आणि त्यामुळेच वस्तू स्वस्त झाल्या, माझ्यासारख्याच्या घरात मिक्सर आला. मी माझ्या धंद्याला नावं ठेवणार नाही. पण त्या स्वस्ताईत टाकीवाल्या बाईचा प्रश्न हरवला, तो परत आणता येतो का, एवढंच विचारतोय.

तुमच्या स्वतःच्या क्षेत्राचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल, तरी एक आठवण देतो. १९६० च्या दशकात माधुरी माथूर यांच्या घरातला परदेशी बनावटीचा मिक्सर जळाला. तो केक आणि फळांचा रस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला होता. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड हे त्याच्या मोटरच्या आवाक्याबाहेरचं. दुरुस्तीची सोय नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनिअर. आपल्या स्वयंपाकाला पुरेल असं यंत्र तूच का बनवत नाहीस, हा प्रश्न घरातून आला आणि त्यातून सुमीत मिक्सर उभा राहिला. आज देशभरच्या ओट्यांवर जे मिक्सर-ग्राइंडर दिसतात ते सगळे त्याच वाटेने आलेले आहेत. म्हणजे तुमच्या या सबंध उद्योगाच्या मुळाशी कुठला सर्व्हे नाही, वाटण वाटणारी एक बाई आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक एरिक व्हॉन हिपेल १९७० च्या दशकापासून हेच दाखवत आले की कित्येक नव्या गोष्टी आधी वापरणाऱ्याच्या हातून घडतात, कारखाना त्या मागाहून उचलतो.

आता तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दल बोलतो, कारण माझ्या पत्राचा गाभा तिथे आहे. डायमध्ये एक साधा नियम असतो. पोलाद काढणं सोपं, घालणं अवघड. शंका असेल तिथे आम्ही पोलाद मुद्दाम जास्त ठेवतो, म्हणजे ट्रायलनंतर गरज पडली तर कापता येतं. जास्त कापलं गेलं की वेल्डिंग करून भरावं लागतं, मग पुन्हा घासणं, पुन्हा पॉलिश, आणि तरी त्या जागेचा डाग नगावर उमटतोच. तुमच्याकडे ग्राहकाचा आवाज कधी पोचतो? माल बाजारात गेल्यावर, तक्रार आल्यावर. म्हणजे सगळं पोलाद कापून झाल्यावर. तेव्हा तुम्ही प्रामाणिकपणे काही बदलायचं म्हटलंत तरी आमचा मालक हिशोब मांडतो, तुमचा परचेसवाला कपाळाला हात लावतो, आणि "पुढच्या मॉडेलला बघू" असं ठरतं. पुढच्या मॉडेललाही तेच घडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पूर्वी याला इलाज नव्हता. नमुना करायचा तर लाकडी कोरून घ्यावा लागे, तो फिरवून बघता येत नसे. आज तुमच्या विभागात थ्रीडी प्रिंटर आहेत. संध्याकाळी नॉब काढायला लावला की सकाळी हातात. मग तो काचेच्या खोलीतल्या मीटिंगमध्ये एकमेकांच्या हातात देण्यापुरता का वापरायचा? पाच वेगळे नॉब छापा. विक्रोळीत एका घरी द्या, धारावीत एका, डोंबिवलीत एका. आठवडाभर राहू द्या तिथे, वाटण-घाटणाच्या गडबडीत. परत घ्यायला आलात की कोणता झिजला, कोणता कोपऱ्यात पडला आणि कशाला कुणी दोरा गुंडाळला ते बघा. त्यानंतर आम्हाला डाय कापायला सांगा. एवढ्याने माझ्या पत्नीचा सगळा प्रश्न सुटला नसता, पण मिरर फिनिश तर नक्की गेलं असतं.

राहिला घरच्या घरी वस्तू बनवण्याचा विषय. घरोघरी एक यंत्र असेल आणि दुकानात जायची गरजच उरणार नाही, अशी भाषा मी गेली दहा-पंधरा वर्षं ऐकतोय. ती का सुरू झाली त्यालाही कारण आहे. तार वितळवून थर पाडण्याच्या या पद्धतीचं पेटंट अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये मागितलं होतं, त्याची मुदत २००९ मध्ये संपली. त्याआधीच २००५ मध्ये ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातले एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल अशा यंत्राचं काम सुरू केलं होतं आणि त्याची ड्रॉइंगं सगळ्यांना खुली ठेवली. लाखोंच्या यंत्राची किंमत हजारांत आली ती यामुळे. आज वीस-पंचवीस हजारांत बरं यंत्र मिळतं.

पण ते ठेवायचं कुठे? आमच्या घरात फ्रिजचं दार उघडायचं तर खुर्ची सरकवावी लागते. यंत्र तासन् तास चालतं, वास येतो, रात्री आवाज होतो. शिवाय यंत्र मिळालं म्हणून वस्तू बनत नाही. माप घ्यायला व्हर्निअर लागतो, व्हर्निअर वाचता यावा लागतो, भोक किती मोठं ठेवायचं ते चुकून चुकून शिकावं लागतं. शिवणयंत्र घरोघरी आलं, तरी ब्लाउज शिंपीकाकांकडेच जातो. त्यामुळे मुंबईपुरतं तरी मला स्वच्छ दिसतं की हे काम घरात होणार नाही, गल्लीत होईल. एक खोली, दोन यंत्रं, माप घेणारा एक जाणता माणूस आणि दोन शिकणारी पोरं.

यालाही आपल्या मातीत आधार आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब, म्हणजे कुणालाही येऊन वस्तू बनवता येईल अशी यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. तो आश्रम १९८३ मध्ये काढणारे डॉ. श्रीनाथ कलबाग तुमच्यासारखेच कंपनीच्या संशोधन विभागातले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरमध्ये होते. ते उठून गावात गेले. तुम्हाला मी कुठे जायला सांगत नाही, आमच्या गल्लीत या म्हणतोय. आणि या शहराने एकदा हे करूनही दाखवलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतल्या मेकर्स असायलम या अशाच सामायिक कार्यशाळेने फेस शील्डचं डिझाइन खुलं केलं आणि गावोगावच्या कारागिरांनी मिळून दोन महिन्यांच्या आत दहा लाखांच्या घरात शील्ड तयार केली. पुढे ती जागा मुंबईतून गोव्याला गेली. अशी जागा वॉर्डावॉर्डात हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं. कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात. त्यातून दोन प्रिंटर आणि एका खोलीचं भाडं सहज निघेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे माझा सूर थोडा कडक लागेल. आम्हाला मापं द्या.

सगळी मागत नाही. काय घरी बनवू नये हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसचा कोणताही भाग, जिथे करंट आहे तिथलं काहीही, याला हात लावायचा नाही. कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे तो उगाच नाही. जारच्या आत, अन्नाला लागेल असा भाग बनवायचा नाही, कारण थरांच्या फटीत मसाला अडकतो आणि धुऊन निघत नाही. आणि ही स्वस्तातली पीएलए तार ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, तिचं काही गॅसजवळ ठेवायचं नाही. माझा एक नॉब शेगडीशेजारी वाकडा झाला, तेव्हा शिकलो. त्यामुळे जोखीम कशात आहे हे मला कळतं. मी बोलतोय ते नॉब, दांड्यांची मूठ, पाय, झाकणाची क्लिप, वायर गुंडाळायचा आकडा यांच्याबद्दल. यातलं एक तुटलं की चालू स्थितीतलं यंत्र भंगारात जातं, नाहीतर दहा रुपयांच्या तुकड्यासाठी सगळी असेंब्ली घ्यावी लागते.

अशा भागांची मापं आणि फाइल विकत घेतलेल्या माणसाला मिळाली तर तुमचं काय जातं? नक्कल होईल, असं तुमच्यातल्या एकाने मला तोंडावर सांगितलं. जरा मुंबईच्या लोहार चाळीच्या बाजारात किंवा तुमच्या घराजवळच्या कोणत्याही मिक्सर रिपेअरवाल्याकडे जाऊन उभे राहा. दोरीला कपलर टांगलेले असतात, जारची झाकणं उतरंडीसारखी रचलेली असतात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कंपनीचा देऊ की लोकल?" नक्कल करणाऱ्याकडे तुमची सगळी मापं कधीच पोचली आहेत. नाहीत ती फक्त पैसे मोजून तुमची वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे.

आणि ज्यांनी दिली त्यांचं काही बिघडलेलं नाही. स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीने २०१२ मध्ये आपल्या वाद्याच्या नॉबांच्या फाइल खुल्या केल्या, कारण इवलासा नॉब पोस्टाने पाठवणंच महाग पडत होतं. इस्रायलमध्ये आयकियाने २०१९ मध्ये दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बरोबर घेऊन आपल्या फर्निचरला जोडायचे १३ भाग तयार केले. सोफा उंच करणारे पाय, कोपराने ओढता येईल अशी कपाटाची मोठी मूठ. फाइल फुकट, ज्याला हवी त्याने छापावी. २०२५ मध्ये फिलिप्सने चेक प्रजासत्ताकात दाढीच्या यंत्राच्या कंगव्याची फाइल खुली करून सुरुवात केली. युरोपीय संघाने तर २०२४ च्या दुरुस्तीच्या निर्देशात लिहूनच टाकलं की ठरावीक उपकरणांच्या बाबतीत, कायद्यात बसत असतील तर थ्रीडी प्रिंटरवर केलेले सुटे भाग वापरायला कंपनीने आडकाठी करायची नाही. ३१ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं, आणि घरगुती उपकरणं त्यात आहेत. तुम्हाला उद्या कायद्याने द्यावं लागेल ते आज आपणहून द्या.

एक गोष्ट पैशांची. 'काम झालं की नॉब उपसून ठेवता आला पाहिजे' असं सांगणारी आमची चौथी शेजारीण. ही कल्पना उद्या तुमच्या एखाद्या मॉडेलमध्ये आली तर ती कुणाची? लेगोकडे लोकांनी सुचवलेल्या संचाला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी त्याचा विचार करते, आणि तो बाजारात आला तर सुचवणाऱ्याला निव्वळ विक्रीतला एक टक्का मिळतो. आपल्याकडे एखाद्या गृहिणीने काही सुचवलं तर तिला फार तर गिफ्ट हँपर मिळतो. तिचं नाव खोक्यावर आणि तिचा वाटा तिच्या खात्यात, एवढं मागणं जास्त नाही.

आमच्याकडे सध्या रविवारी सकाळी दहा ते एक असं काम चालतं, बहिणीच्या त्या नातवाच्या घरच्या गॅलरीत. आतापर्यंत आसपासच्या घरांत एकोणीस नॉब बसले. एकही दुसऱ्यासारखा नाही. तुमच्यापैकी कुणीही यावं. परचेसवाल्याला पाठवू नका, ज्याच्या हातात पेन्सिल असते त्यानेच यावं.

आणि एक काम तुमच्याकडे अडलेलं आहे. आमच्याच इमारतीत पॉवर प्रेसवर काम करणारे एक गृहस्थ आहेत. प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. बायको कामावर जाते, स्वयंपाक आता तेच करतात. जारचं झाकण काढायचं तर जार धरायला दुसरा हात लागतो, आणि तो हात धरू शकत नाही. मी त्यांच्यासाठी ओट्याला स्क्रूने बसवायची एक बैठक करतोय. जार त्यात ठेवला की खालच्या खाचा अडकल्या पाहिजेत, म्हणजे तो फिरणार नाही आणि एका हाताने झाकण निघेल. जार सात वर्षं वापरलेला आहे. बुडाच्या तीन खाचा झिजल्यात, माझ्या व्हर्निअरवर ७.६, ७.९ आणि ८.१ अशी तीन मापं येतात. नवा असताना ती खाच किती रुंद होती हे तुमच्यापैकी एकाच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं आहे. कुणाच्या, ते इथे लिहीत नाही. ज्यांचा जार आहे त्यांना फोटो आणि मॉडेल नंबरासकट वेगळं पत्र पोस्टाने टाकलं आहे. तेवढं एक माप कळवा. जार माझ्या टेबलावरच आहे.

आपला,
एक निवृत्त डायमेकर
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई